हिरोसाकीचा साकुरा महोत्सव आणि छाटणीची कात्री

सुरंगी

साकुरा, म्हणजे जपानची चेरीची फुलं, म्हटलं की 'क्षणभंगुर' हा शब्द ठरलेला. आठवडाभर फुललं, वाऱ्यावर उडून गेलं, माणसाचं आयुष्यही तसंच, वगैरे वगैरे. दर मार्चला आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॅप गटावर हे फिरतं आणि मला त्याचा आता मनापासून कंटाळा आलाय. म्हणून हा धागा हिरोसाकीवर. तिथे शंभरी ओलांडलेली चेरीची झाडं तीनशेच्या वर आहेत, आणि अजूनही फांदी दिसणार नाही इतकी फुलतात. हे कसं साधलं, ते मला फुलांपेक्षा जास्त भावलं.

हिरोसाकी हे होन्शू बेटाच्या पार उत्तरेचं, आओमोरी प्रांतातलं शहर. वस्ती दोन लाखांच्या आत. मध्ये किल्ला, त्याभोवती एकाबाहेर एक असे खंदक, आणि हे सगळं मिळून आजचं हिरोसाकी उद्यान. चेरीची झाडं सुमारे २६००, जाती पन्नासच्या वर. सर्वांत जास्त सोमेई योशिनो, म्हणजे कॅलेंडरवर असते ती फिकट, जवळजवळ पांढरी. महोत्सव एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ५ मेपर्यंत चालतो. पहिला भरला १९१८ मध्ये. चांगल्या वर्षी वीस लाखांवर माणूस येतं.

किल्ला १६११ चा, त्सुगारू घराण्याचा. १७१५ मध्ये घराण्याच्या एका सरदाराने क्योतोहून पंचवीस रोपं आणून लावली होती, पण आजचा देखावा काही त्या पंचविसांचा नव्हे. १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली, सामुराईंचे तनखे गेले, किल्ल्यात गवत माजलं. १८८२ मध्ये किकुची तातेए नावाच्या एका माजी सामुराईने तिथे सोमेई योशिनोची हजार रोपं लावली. झालं, जुन्या मंडळींचा तिळपापड! धन्याच्या गडावर आता लोक चटया टाकून दारू पिणार? बरीच रोपं उपटली गेली, तोडली गेली. त्यातून जी तगली त्यांतली काही आजही उभी आहेत आणि जपानातल्या सर्वांत जुन्या सोमेई योशिनोंमध्ये मोडतात. पुढे १८९५ मध्ये किल्ला उद्यान म्हणून खुला झाला आणि उचियामा काकुया यांनी नेटाने लागवड पुढे नेली.

आता हा किकुची कोण? तर सफरचंदवाला. १८७५ मध्ये सरकारने आओमोरीला सफरचंदाची रोपं धाडली. तनखा गेलेल्या ज्या सामुराईंनी तलवार खुंटीला लावून बागायत धरली, त्यांतला हा पुढारी. आज जपानचं निम्म्याहून जास्त सफरचंद एकट्या आओमोरीतून येतं, आणि त्यात हिरोसाकी पहिलं.

इथून खरी गंमत. जपानीत म्हण आहे, चेरी छाटतो तो मूर्ख आणि उमे (जपानी आलुबुखार) छाटत नाही तोही मूर्ख. चेरीची जखम लवकर भरत नाही, बुरशी शिरते, लाकूड आतून कुजतं. म्हणून चेरीला कात्री लावायची नाही असा देशभरचा नेम. सोमेई योशिनोचं आयुष्यही साठेक वर्षांचं धरतात. हिरोसाकीच्या उद्यानातल्या माणसांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा नेम मोडायला सुरुवात केली. गावात जिकडेतिकडे सफरचंदाच्या बागा, दर हिवाळ्यात छाटणी करून हात बसलेला. सफरचंद आणि चेरी दोन्ही गुलाबाच्या कुळातली. मग दुबळी फांदी पोसून काय करायचं? कापली. कापल्या जागी कोवळा फुटवा आला, जोमाने वाढला, लदलदून फुलला. तेव्हापासून हे चालू आहे, आणि आता दुसऱ्या शहरांतली माणसं इथे शिकायला येतात.

फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. सोमेई योशिनोच्या एका कळीतून एरवी तीन-चार फुलं निघतात, इथे चार-पाच, कुठे सातसुद्धा. त्यामुळे घोस चेंडूसारखा गोल दिसतो आणि मधून आकाश डोकावत नाही. एका म्हाताऱ्या झाडाजवळ मी बराच वेळ थांबले होते. खोड काळंकुट्ट, भेगाळलेलं, एका बाजूने पोकळ, हात आत जाईल एवढं. जुन्या कापांच्या गोल खुणा आणि त्यांच्या कडेने आलेली सालीची जाड वळकटी. आणि त्या खरखरीत सालीतून, फांदीचा पत्ता नाही तिथे, थेट खोडातून फुलांचा एक झुबका.

कुणी गेलं असेल तर लिहा. प्रश्नही विचारा, माहीत असेल ते सांगेन.

आडवाट

वाचनखूण साठवली आहे. पण फोटोंशिवाय साकुराचा धागा म्हणजे मिरचीशिवाय वडापाव. टाका की चार.

सुरंगी

फुलांचे फोटो नेटवर ढिगाने आहेत हो. कापांच्या खुणांचे टाकते सवडीने, ते कुणी काढत नाही.

बांधावरचा

ताई, लेख दोनदा वाचला. मी निफाडकडचा, द्राक्षवाला. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार करायची. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड. त्यामुळे कापलं की फुटतं याचं आम्हाला नवल नाही. माझे प्रश्न वेगळे. एक, मोठ्या कापाला लावतात काय? आम्ही बोर्डो पेस्ट लावतो, मोरचूद आणि चुना. दोन, कापतात कधी? तीन, खताचं काय? नुसती कात्री चालवून झाड शंभर वर्षं जगत नसतं, त्याला खायलाही घालावं लागतं. आणि चौथं, खोड पोकळ म्हणता, मग अन्नपाणी वर चढतं कुठून?

सुरंगी

दादा, तुमच्यासारखा वाचक मिळाला की धागा काढल्याचं सार्थक.

छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फातच. झाड झोपेत असतं, पानं नसतात, कुठली फांदी कुठे आडवी येते ते स्वच्छ दिसतं. शिड्या आणि उचल गाड्या लावून कामगार वर चढतात. पेस्ट तिथेही लावतात, बुरशीनाशक असलेली. खत फुलोरा संपल्यावर, कारण साठवलेलं सगळं झाडाने फुलांवर उधळलेलं असतं. शिवाय औषध फवारणी आणि दुबळ्या झाडांच्या बुडाची माती बदलणं. लाखो पायांनी माती दगडासारखी घट्ट होते, हा तिथला मोठा शत्रू.

पोकळ खोडाचं असं की जिवंत भाग सालीच्या लगतचा. मधलं लाकूड कुजलं तरी कडेच्या पट्टीवर झाड चालतं. त्यात हे झाड वरच्या भागातून नवी मुळं सोडतं. ती पोकळीतून खाली उतरतात, मातीला टेकली की जाड होतात. म्हणजे जुन्या खोडाच्या आत नवं खोड तयार होतंय म्हणा. तिथले वृक्षवैद्य या मुळांना जपतात. हो, जपानात वृक्षवैद्य ही रीतसर पदवी आहे, आणि उद्यानाकडे असे लोक नोकरीला आहेत.

एक राहिलंच. छाटलेल्या फांद्या गावकऱ्यांना वाटतात. घरात कोमट हवेला पाण्यात ठेवल्या की बाहेर बर्फ असतानाच फुलतात.

विक्रोळीकर

आमच्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला फेब्रुवारी-मार्चात गुलाबी बहर असतो. फुकट. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तासभर निवांत बघा. विमानाचं भाडं कशाला घालवायचं?

चिकित्सक

विक्रोळीकर, तो टॅबेबुया. अमेरिका खंडातून आणलेला, चेरीशी नातं नाही. दिसतो सुंदर, वाद नाही, पण 'मुंबईत साकुरा' म्हणून रील फिरतात तेव्हा डोकं फिरतं. खरी चेरी भारतात हवी तर शिलाँगला जा. तिथली हिमालयातली पद्मकाष्ठ, आणि ती फुलते नोव्हेंबरात.

सुरंगी, लेख छान आहे, पण दोन गोष्टी सुटल्या. पहिली, सोमेई योशिनो ही सगळी कलमं. बियांपासून ती जशीच्या तशी येत नाही, म्हणून तोक्योपासून हिरोसाकीपर्यंतचं प्रत्येक झाड मुळात एकाच झाडाची नक्कल. म्हणूनच एका ठिकाणची सगळी झाडं एकदम फुलतात. कौतुक निसर्गाचं होतं, काम रोपवाटिकेचं आहे.

दुसरी गोष्ट जरा कडू. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, ही चेरी शाळा, किल्ले आणि सैनिकी छावण्यांभोवती मुद्दाम लावली गेली. हिरोसाकी हे लष्करी गाव, १८९८ पासून आठव्या डिव्हिजनचं ठाणं. किल्ल्याच्या बाहेरच्या भागात शस्त्रागार होतं. काही लागवड तर १८९५ च्या चीनवरच्या विजयाच्या आठवणीत झालेली. महोत्सवाच्या पत्रकांत हे ठळक नसतं.

सुरंगी

दोन्ही मुद्दे बरोबर, आणि दुसऱ्यावर वेगळा धागा निघायला हवा. तुम्हीच काढा. एवढंच जोडते, की युद्धाच्या आठवणीसाठी लावलेलं झाडही छाटल्याशिवाय शंभर वर्षं टिकलं नसतं. लावणारे समारंभ करून मोकळे होतात. मला कौतुक पुढच्या फेब्रुवारीत शिडीवर चढणाऱ्याचं.

बांधावरचा

चिकित्सक साहेब, एक विचारतो. नाशकात ही चेरी लावली तर फुलेल का? पोरगी मागं लागलीय.

चिकित्सक

अवघड आहे. तिच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि मग झोपी जातात. ती झोप मोडायला हिवाळ्यात पुरेशी कडक थंडी लागते. थंडी कमी पडली की काही कळ्या उघडतात, काही तशाच राहतात, सगळा बहर विस्कटतो.

बांधावरचा

कळालं. आमच्या द्राक्षाचंही तेच दुखणं. मूळ थंडीचं पीक, इथं तेवढी थंडी नाही, म्हणून गोडी छाटणी झाली की डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड चोळतो, मग डोळे एकसारखे फुटतात. पोरीला टॅबेबुयाच आणून देतो.

गडभटक्या

किल्ल्याबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. हिरोसाकीचा बालेकिल्ल्याचा बुरूज आज तीन मजली दिसतो, पण मूळचा पाच मजली होता. १६२७ मध्ये वीज पडली, आतली बंदुकीची दारू पेटली आणि सगळं उडालं. आताचा १८१० चा. जपानात जुने, मूळ बांधणीचे असे फक्त बारा बुरूज उरलेत, बाकीचे बहुतेक सिमेंटचे. त्या बारांतला तोहोकु, म्हणजे होन्शूच्या उत्तर भागातला, हा एकटा.

आणि खरी कमाल २०१५ ची. बुरुजाखालची दगडी भिंत खंदकाच्या बाजूने पोटासारखी फुगत चालली होती. भूकंप झाला तर सगळं पाण्यात. भिंत उकलायची तर वरचा बुरूज काढायला हवा. यांनी काय केलं, अख्खा बुरूज, सुमारे ४०० टन, न उकलता जॅकवर उचलला आणि रुळांवरून सत्तरेक मीटर आत सरकवला. त्यातला काही टप्पा गावकऱ्यांनी दोर ओढून पार पाडला! भिंतीच्या दगडांना नंबर घालून, एकेक उतरवून, पुन्हा रचायचं काम. हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १८९० च्या दशकात तीच भिंत ढासळली होती, तेव्हाही बुरूज आत ओढला आणि १९१५ मध्ये परत जागेवर बसवला.

आपल्याकडे तटाला पिंपळ फुटला तरी दहा वर्षं कागद फिरतो. असो, विषय भरकटेल.

सुरंगी

मस्त भर घातलीत! लाल पूल, खंदक, वर पांढरा बुरूज आणि चहूकडे चेरी हा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो जागेवरच्या बुरुजाचा. मी गेले तेव्हा बुरूज आत सरकवलेला होता. पण त्याचाही फायदा झाला, एरवी दिसत नाही त्या कोनातून बुरुजामागे इवाकी पर्वत दिसला. १६२५ मीटर उंच, मे उजाडला तरी डोक्यावर बर्फ.

नाराज_प्रवासी

सगळे कौतुक करताय म्हणून लिहितो. आम्ही एका टूर कंपनीतर्फे ३ मे ला पोचलो. माहितीपत्रकात गुलाबी बोगदा, प्रत्यक्षात हिरवी पानं. गाइड म्हणाला 'यंदा लवकर झालं'. माणशी इतके पैसे घेऊन हे ऐकायचं? महोत्सव मात्र जोरात चालू, दुकानं, गर्दी, सगळं. फुलं तेवढी नाहीत.

तुका_तोक्योकर

नाराजराव, सहानुभूती आहे, पण हा प्रकार आता नेहमीचा होणार. तोक्योत चेरी मार्चअखेरीस, ती लाट उत्तरेला सरकत हिरोसाकीला पोचायची एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे २९ एप्रिल ते ५ मे च्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांना बरोब्बर. गावाचं सगळं अर्थकारण त्या योगावर उभं. अलीकडे हिवाळे ऊबदार, त्यामुळे बहर आधीच उरकतो. २०२३ मध्ये तर विक्रमी लवकर फुललं. आयोजक तारखा मागेपुढे करून जमवायला बघतात, पण हॉटेलं आणि टूरवाले सुट्ट्यांना चिकटलेले.

माझा सल्ला, २० ते २७ एप्रिलच्या दरम्यान बघा, आणि फुलोऱ्याचा अंदाज येईपर्यंत रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या. हिरोसाकीत खोली मिळणार नाही, हे धरूनच चाला. आओमोरी शहरात राहा. तोक्योहून हायाबुसा या बुलेट ट्रेनने शिन-आओमोरी तीन तासांच्या थोडं वर, तिथून ओऊ मार्गाच्या लोकलने चाळीसेक मिनिटं. हायाबुसात सगळी आसनं आरक्षित असतात, ऐनवेळी चढून उभं राहू म्हणाल तर पंचाईत. वाटेत काकुनोदाते जोडता येतं, सामुराईंचे जुने वाडे आणि झुकलेल्या फांद्यांची चेरी, पण तिथला बहर सहसा दोन-चार दिवस आधी.

सुरंगी

तुकाशी सहमत. मात्र ३ मेला सगळंच संपलेलं नसतं. बालेकिल्ल्याच्या आत झुकत्या फांद्यांची चेरी सोमेई योशिनोनंतर फुलते, आणि दुहेरी पाकळ्यांच्या गडद जाती त्याहून उशिरा. गाइडने बसमधून उतरवून फक्त खंदकापाशी नेलं असेल तर ते राहून जातं. बालेकिल्ल्याच्या भागाला तीनशे-सव्वातीनशे येनचं तिकीट आहे, बाकी उद्यान फुकट. बहुधा तिकीट वाचवलं असेल.

खंदकातल्या पाकळ्यांबद्दलही सांगते. फुलं गळायला लागली की बाहेरचा खंदक पाकळ्यांनी असा भरतो की पाणी दिसत नाही. बदक पोहत गेलं की मागे काळी रेघ उमटते आणि पाकळ्या हळूहळू परत मिटवतात. हे बघायला मुद्दाम लोक येतात. फोटोत जे येत नाही ते असं की दोन-तीन दिवसांत तो गालिचा तपकिरी पडतो आणि वास मारायला लागतो. गळायला लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गाठायचं.

मंजुळा_६७

सुरंगी, आम्ही दोघं पुढच्या वर्षी मुलाकडे तोक्योला जाणार आहोत. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालणं किती आहे गं? आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. मुलगा म्हणतो सगळ्यात मासा असतो.

सुरंगी

मंजुळाकाकू, उद्यान बरंचसं सपाट आहे, पण मोठं. स्टेशनपासून पायी अर्धा तास लागतो, तेव्हा बस किंवा टॅक्सीच घ्या. आत गेल्यावर पश्चिमेकडचा खंदक धरा, तिथे दोन्ही बाजूंनी झाडं वाकून बोगदा झालाय आणि होड्याही मिळतात. बालेकिल्ल्याकडे थोडा चढ आहे, काका सावकाश येतील. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. दिवसा पंधराच्या आसपास, संध्याकाळी दिवे लागल्यावर पाच-सहा अंशांवर उतरतं. कानटोपी हवीच.

खाण्याचं मुलगा खरंच बोलतोय. चटईवर बसून सगळे खातात ते ओदेन, म्हणजे रश्श्यात शिजवलेले तुकडे, त्यात काळसर कोन्न्याकूचे (कंदाच्या पिठाच्या जेलीचे) तुकडे आणि वर आलं घातलेलं मिसो. दिसतं शाकाहारी, पण रस्सा माशाच्या अर्काचा. गोड दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, बहुतेक चालतील, तरी वरच्या सॉसचं विचारून घ्या. हिरोसाकीची अॅपल पाय प्रसिद्ध, गावात इतक्या दुकानांत मिळते की तिचा वेगळा नकाशा छापलाय, पण अंडं चालत असेल तरच. नाहीतर तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. चटई पसरून पुऱ्या आणि लोणचं, कुणी काही म्हणत नाही.

कुर्लीवाली

शाकाहाऱ्यांचं झालं असेल तर आमचंही बघा. तिथे फुलं बघताना खेकडा खातात असं ऐकलंय, खरं काय?

तुका_तोक्योकर

शंभर टक्के. मुत्सू आखातातला तोगेकुरी खेकडा. अंगावर काटे आणि केस, आकाराने बेताचा, आणि हंगाम नेमका चेरीच्या वेळचा, म्हणून त्याला 'फुलं बघण्याचा खेकडा' म्हणतात. नुसता मिठाच्या पाण्यात उकडलेला. मादी गाभोळीसकट मिळाली तर काय विचारता. मसाला शून्य.

कुर्लीवाली

मसाला शून्य? खोबऱ्याचं वाटण माझ्या पिशवीत असेल. बाकी तुमचं जपान तुम्हाला लखलाभ.

पुणेरी_पिंपळ

छाटणीवरून आठवलं. आमच्या सोसायटीबाहेर पावसाळ्याआधी माणसं येतात, करवत घेऊन अर्ध्या तासात झाड बोडकं करून जातात. रस्त्याच्या बाजूची सगळी फांदी गायब, झाड एका अंगाला कललेलं. दोन पावसाळ्यांत कोसळतं, मग म्हणतात झाडच धोकादायक होतं. हा लेख वाचून कुणी उद्या 'बघा, जपानातही कापतात' म्हणू नये म्हणजे झालं.

बांधावरचा

पिंपळराव, फरक कापायच्या जागेत आहे. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं फुगवटा असतो, गळपट्ट्यासारखा. काप त्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, आणि फूटभर खुंट ठेवला तर तो वाळून आत कुजत जातो. तुमच्याकडे खुंट ठेवतात, बरोबर? दुसरं, फांदी आधी खालून अर्धी चिरायची, मग वरून. नाहीतर वजनानं साल सोलत खाली येते. हे आमच्याकडं दहावी नापास पोरालाही येतं. आणि एका वर्षात किती काढायचं यालाही माप असतंय.

सुरंगी

हेच मला मूळ लेखात नीट मांडता आलं असतं तर काय हवं होतं! तिथेही एकेका झाडाचं ठरवतात, यंदा कुठली फांदी, पुढच्या वर्षी कुठली. जुनी मोठी फांदी काढायची तर तिची जागा घेणारा फुटवा आधी दोन-तीन वर्षं वाढवलेला असतो. बघणाऱ्याला झाडात भगदाड दिसत नाही ते त्यामुळे.

आडवाट

कोविडच्या वर्षी काय केलं असेल यांनी? छाटणी तर फेब्रुवारीत झालेली असणार.

सुरंगी

झालेली होती. २०२० ला महोत्सव रद्द, आणि लोक तरीही येतील म्हणून उद्यानाचे दरवाजेच बंद केले. झाडं नेहमीसारखी फुलली, बघायला कामगार आणि रखवालदार. नंतरचं खतपाणीही चुकवलं नाही, कारण २०२१ ची फुलं त्याच उन्हाळ्यात ठरणार होती.

बांधावरचा

ताई, शेवटचा प्रश्न. चेरी संपल्यावर जाण्यात काही अर्थ आहे का? एप्रिलात खरड छाटणी सोडून मला हलता येणार नाही.

सुरंगी

तुमच्यासाठी तर तोच खरा हंगाम! मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सफरचंद फुलतं. कळी गुलाबी, उमललं की पांढरं. शहराचं सफरचंद उद्यान आहे, तिथे वेगवेगळ्या जातींची झाडं लावलीत, आणि त्याच सुमारास तिथे सफरचंदाच्या फुलांचा छोटा महोत्सवही असतो. गर्दी चेरीच्या मानाने काहीच नाही. आपल्या बाजारात 'फुजी' म्हणून येतं ते सफरचंद शेजारच्या फुजिसाकी गावात तयार झालेलं. आणि बागांमध्ये बोरूच्या काड्यांच्या जुड्या रचून ठेवलेल्या दिसतील. त्यात मामेको नावाच्या माश्या घरं करतात. त्या मध देत नाहीत, सहसा चावत नाहीत, पण सफरचंदाचं परागीभवन त्यांच्यावर. फुलोऱ्याच्या वेळी शेतकरी त्या जुड्या बागेत मांडतात.

बांधावरचा

बोरूच्या जुड्या? आमच्याकडं डाळिंबवाले मधपेट्या भाड्यानं आणतात. हे बघायलाच पाहिजे. छाटणी वीस तारखेपर्यंत उरकतो, विरळणीला भाऊ आहे. तिथं शेतकऱ्याशी बोलायचं तर भाषेचं कसं करायचं?

तुका_तोक्योकर

मी येतो. माझी सुट्टी शिल्लक आहे आणि ते त्सुगारू बोली बोलतात, ती तोक्योच्या माणसालाही निम्मीच कळते, तेव्हा आपण दोघं सारखेच.

बांधावरचा

ठरलं तर मग. मंडळींचा पासपोर्ट अजून नाही, सोमवारी अर्ज टाकतो.